एक ठोका, एक नजर

आबा नांगराची पाचर ठोकायचे तेव्हा त्यांचा डोळा पाचरीवर नसायचा, फाळावर असायचा. एक ठोका मारायचे, हातोडा खाली धरायचे, मान वाकडी करून हळसाच्या रेषेत फाळाकडं बघायचे. मग दुसरा ठोका. शेतकरी बांधावर ताटकळलेला, बैल जुंपलेले, आणि ह्यांचं आपलं ठोका-नजर, ठोका-नजर चाललेलं. एकदा एका गड्यानं वैतागून म्हटलं, "आबा, मारा की चार दणके एकदम, ऊन व्हायलंय." आबा म्हणाले, "दणके मारायला तुला बी येत्यात. पर घट्ट होताना ते सरकतं, ते कोण बघणार?"

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. ते वाक्य कानावरून गेलं. त्याचा अर्थ मला चाळिशी ओलांडल्यावर कळला, तोही पोटात लाकडाचा दणका बसल्यावर.

आमचं गाव पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीपासून हाकेच्या नाही, पण भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे. आजा मात्र शेवटपर्यंत "आमचा सातारा जिल्हा" असंच म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. १९४९ साली साताऱ्यातून हा भाग वेगळा काढून दक्षिण सातारा जिल्हा केला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. आमचे निम्मे पाव्हणे अजून कराड-पाटणकडं. लाकूडही पूर्वी तिकडूनच यायचं.

आम्ही सुतार. गावचे बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, गाडीचं जू, घराचं आढं, मयताची तिरडी, सगळं आमच्या दारात. त्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावरून धान्य. आजाच्या उमेदीत या व्यवहाराला धक्का बसला तो आमच्याच शिवाराजवळून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. पुढं औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली, आणि १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला. निवडुंगाच्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. हळूहळू लोखंडी नांगर शिवारात आला, आणि लाकडी नांगराचं काम आमच्या दारातून कमी होत गेलं. आजा कारखान्याच्या नावानं बोटं मोडायचा, असं घरात सांगतात. पण त्याच आजानं लोखंडी नांगर मोडला की तो दुरुस्त करायचंही काम घेतलं. आमच्या घरात नवी वस्तू अशीच येते. आधी शिव्या खाते, मग पोटाला देते.

आबांनी नांगर-कुळव करत करत दारं-खिडक्यांचं काम धरलं. मी त्यापुढं गेलो. साताऱ्याला फर्निचरच्या एका कारखान्यात आठ वर्षं काढली, यंत्रावर हात बसवला आणि २०१७ साली गावी परत आलो. येताना साठवलेल्या पैशात पुण्याहून एक जुना टेबल सॉ आणला. चांगल्या बनावटीचा, परदेशी, दहा इंची पात्याचा. आमच्याकडं वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं कटर टेबल असतं, त्यातलं हे नव्हे. त्याला गाईड होतं, खटक्यानं लॉक होणारं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लोखंडी टेबलाच्या मधून गोल पातं वर आलेलं असतं. पात्याच्या उजव्या अंगाला एक सरळ लांब पट्टी, तीच गाईड. फळीची कड त्या गाईडला लावून पुढं ढकलायची. गाईड आणि पातं यांच्यात जेवढं अंतर, तेवढ्या रुंदीची पट्टी निघते. तीन इंचाची हवी तर गाईड तीन इंचावर आणायचं, खटका दाबायचा, की ते जाम. साध्या कटर टेबलावर हेच काम लाकडाची सरळ पट्टी आणि दोन शिकंजे लावून करतात. दोन्ही टोकांना टेप लावायचा, दोन शिकंजे आवळायचे. त्यात वेळ जातो. माझ्या यंत्रात एका खटक्यात काम व्हायचं, याचंच मला कौतुक होतं. बघायला आलेल्या पाव्हण्यांना मी यंत्र न दाखवता आधी खटका दाखवायचो.

आबांनी मात्र यंत्राला हात लावला नाही. त्याला कारण होतं. आमचे थोरले चुलते, तात्या, एका वखारीत आऱ्यावर होते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. तात्या पंगतीला बसले की आबांची नजर त्या हाताकडं जायची, आणि लगेच दुसरीकडं वळायची. मी यंत्र आणलं त्या दिवशी आबांनी एवढंच विचारलं, "बंद कुठनं करायचं?" मी बटण दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या रंध्याकडं गेले.

पहिली दोन वर्षं काम लहान होतं. देव्हारे, शोकेस, शाळेची बाकं. गाईड कधी कधी दगा द्यायचं. टेपवर बरोबर तीन इंच लावावं, खटका दाबावा, पट्टी कापावी, तर ती अर्धं सूत जास्त भरायची. आमच्यात इंचाची आठ सुतं. अर्धं सूत म्हणजे फार नाही, रंधा मारला की गेलं. काही वेळा कापलेली कड काळी पडायची, करपल्याचा वास यायचा. मी म्हणायचो, पात्याची धार गेली. पात्याला धार लावून आणायचो. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेनं २००५ चा पूर मागं टाकला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव उंचावर म्हणून वाचलं. पण भिलवडी, आमणापूर, बुर्ली ही नदीकाठची गावं पाण्यात गेली. आमच्या शाळेत माणसं आली, दावणीला परकी जनावरं आली. पाणी ओसरल्यावर लोक घरं बघायला गेले, तेव्हा गुडघाभर गाळ, आणि दारं गेलेली. फ्लश डोअरचे पापुद्रे सुटून लोंबत होते. भुशाच्या पत्र्यांची कपाटं खिरीसारखी झाली होती. टिकलं होतं ते जुनं सागवान. फुगलं होतं, पण जिवंत होतं.

सप्टेंबरात माझ्याकडं बारा दारांचं काम आलं. सहा घरं, प्रत्येकी दोन दारं. लोकांनी लाकूडही आपलंच दिलं. पडलेल्या माळवदाच्या तुळया, जुन्या सोप्याचे खांब. "पैसं थोडं थोडं देतो, पर दिवाळीला घराला दार पायजे," असं म्हणाले. एक म्हातारी म्हणाली, "लेका, दीड म्हैना पोत्याचा पडदा लावून निजतोय. लक्षिमी यायची तर दारातनंच येईल की." लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. मी हो म्हटलं.

दाराचं काम देव्हाऱ्यासारखं नसतं. साडेसहा फुटांच्या उभ्या पट्ट्या एका मापाच्या लागतात, आडव्या पट्ट्यांची सालं त्यात बसायला लागतात. एका पट्टीत अर्धं सूत इकडं, दुसऱ्या पट्टीत अर्धं सूत तिकडं, की जोडलेल्या दाराला पीळ पडतो. वरची कड चौकटीला टेकते, खालची टेकत नाही. तसंच झालं. पहिली दोन दारं जोडली आणि दोन्ही पिळली. मी रात्री उशिरापर्यंत ती उकलून परत बसवत होतो. तुळया जुन्या, त्यांच्यात खिळे. खिळे शोधून काढण्यातच निम्मा वेळ जायचा. चिडचिड वाढत होती. बायको जेवायला हाक मारायची, तिच्यावर खेकसायचो.

तिसऱ्या दाराची पट्टी कापताना ते घडलं. फळी निम्म्यापुढं गेली होती. करपट वास आला. मी जोर वाढवला. ढकलताना लाकूड आवळल्यासारखं वाटलं, आणि पुढच्या क्षणी पट्टी माझ्या हातातून निघून माझ्याच पोटात बसली. आवाजही नंतर ऐकू आला असं वाटतं. मी मागं भिंतीवर आदळलो. श्वास येईना. पातं फिरतच होतं.

असं का होतं ते आता सांगतो. पात्याचा पुढचा भाग, म्हणजे आपल्याकडचा, दात खाली नेत लाकूड कापतो. मागचा भाग दात वर आणतो. कापलेलं लाकूड त्या मागच्या दातांना घासलं, की दात ते उचलतात आणि उलटं आपल्याकडं फेकतात. दहा इंचाचं पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी १४० किलोमीटरच्या वेगानं पळतात. म्हणून गाईडचं मागचं टोक पात्याकडं झुकलेलं असणं हे मापाच्या चुकीपेक्षा वाईट. लाकूड पातं आणि गाईड यांच्यात चिमटतं आणि सुटायला जागा उरत नाही.

मला बरगडीखाली मोठा काळा-निळा डाग पडला, मोडलं काही नाही. चार बोटं वर बसतं तर गोष्ट वेगळी होती. आई म्हणाली, "ते मशिन विकून टाक. तात्याचा हात बघितलास न्हवं?" बायको काही बोलली नाही, पण दोन दिवस कामाच्या खोलीत फिरकली नाही. मी अंथरुणावर पडून दिवस मोजत होतो. बारा दारं, दोन पिळलेली, दहा व्हायची, दिवाळीला महिनाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या खोलीत खुडखुड ऐकू आली. जाऊन बघतो तर आबा. वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांवर जाड चष्मा, यंत्राचा प्लग काढून वायर गळ्यात अडकवलेली. बटणावर त्यांचा विश्वास नव्हता, वायर मात्र हातात हवी. म्हणाले, "आता तू रोज करतोस तसं करून दाव."

मी गाईडच्या मागच्या टोकाला धरून ते सरकवलं, टेपवर तीन इंच बघितले, खटका दाबला. आबांनी मागच्या टोकावर बोटाचं पेर ठेवलं होतं. म्हणाले, "सरकलं."

"नाही आबा, तीन इंच आहे की."

"पुढं तीन हाय. मागं बघ. खटका उघड. परत दाब."

मी दाबला. या वेळी मला दिसलं. पुढचं टोक जागेवर होतं, मागचं टोक खटका बसता बसता केसभर पात्याकडं गेलं. दोन वर्षं मी टेप आधी लावत होतो आणि खटका नंतर दाबत होतो. सरकायचं ते त्या दोन्हींच्या मधे सरकत होतं.

आबा म्हणाले, "आणि शेपूट धरून कशाला वळवतोस? शेपूट पिरगाळलं तर बैल पळतो, वळत न्हाई. वळवायचा तर कासरा पुढं असतोय."

मग आम्ही दोघांनी गाईड उतरवून उलटं केलं. त्याचं डोकं पुढच्या लोखंडी पट्टीवर चिमट्यासारखं बसतं. एका अंगाला दोन लहान पॅड, दुसऱ्या अंगाला खटक्याचा पाय. खटका दाबला की पाय पट्टीला रेटतो आणि दोन्ही पॅड पट्टीला टेकतात. दोन्ही एकदम टेकले तर गाईड सरळ. एक आधी टेकला, तर दुसरा टेकेपर्यंत डोकं वळतं, आणि डोकं वळलं की शेपूट फिरतं. आमच्या गाईडचा डावा पॅड झिजला होता. पट्टीवर लाकडाचा चीक आणि भुसा बसून काळी खपली धरली होती. मी टेबलाला दर आठवड्याला मेण लावायचो, ती पट्टी मात्र दोन वर्षांत एकदाही पुसली नव्हती.

आबांनी दोन पॅडमधलं अंतर वीत लावून मोजलं, मग मागच्या टोकापर्यंत. पॅडमध्ये दहा इंच, मागं तीस इंच. म्हणाले, "एकाला तीन. हितं लग्नपत्रिकेएवढं चुकलं, तर तिथं तीन लग्नपत्रिका." त्यांनी खरोखरच भिंतीवरच्या तारेतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, कापली आणि झिजलेल्या पॅडमागं तुकडा घातला. मागचं टोक दिसण्याइतकं सरळ झालं. पत्रिका कायमची ठेवायची नव्हती. किती कमी आहे ते कळायला ती होती. पॅडमागं स्क्रू असतात, तेवढाच स्क्रू आम्ही पुढं घेतला. पट्टी रॉकेलनं पुसून कोरडी केली.

त्यानंतर माप. मी टेप घेतला तर आबांनी काढून घेतला. "टेपचं नाक हलतं." त्यांनी सागाची एक काटकी तासली, गाईडला एक टोक टेकवलं आणि दुसरं पात्याच्या एका दाताला नेमकं लागेल एवढी ठेवली. त्या दातावर खडूची खूण केली. पुढं काटकी लागते का बघितलं. मग हातानं पातं फिरवून तोच दात मागं आणला आणि मागं काटकी लावली. तोच दात का? कारण पातं किंचित डुगडुगत असलं, तरी एकाच दातानं दोन्हीकडं मोजलं तर त्याचा डुगडुगणं मापात येत नाही. हे आबांना कुणी शिकवलं नव्हतं. गाडीचं चाक सरळ फिरतं का, हे ते आयुष्यभर असंच बघत आले होते. आरीचा एकच ठिपका धरून.

पातं स्वतः टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का, तेही त्याच काटकीनं बघितलं. होतं. नसतं तर गाईड कितीही सरळ करून उपयोग नव्हता. शेवटी गाईडचं मागचं टोक पात्यापासून कागदाएवढं लांब राहील असं ठेवलं. जवळ कधीच नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. पात्यामागं एक पातळ लोखंडी पाखा असतो, कापलेल्या फटीत राहणारा. तो अडचण करतो म्हणून मीच काढून ठेवला होता. आबांनी विचारलं, "हे कशाचं?" मी सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "आम्ही दोघं दोघं करवतीनं ओंडका फाडायचो, तवा मागच्या फटीत पाचर ठेवत जायचो. लाकूड मिटतं रं. जुनं लाकूड तर जास्त मिटतं, वर्सानुवर्स ताणून बसलेलं असतंय. त्या मशिन करणाऱ्याला ठावं हुतं. तुला ठावं न्हवतं." एवढंच बोलले. तात्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या यंत्रावर काम असं चालतं. पट्टीवरून बोट फिरवून भुसा झाडायचा. गाईड डोक्याकडून धरून सरकवायचं, पुढच्या पट्टीला तळहातानं दाबून धरायचं, म्हणजे दोन्ही पॅड आधीच टेकतात. मग खटका दाबायचा. पातं बंद असतानाच, खटका दाबल्यावर माप बघायचं, पुढं आणि मागं. चुकलं तर खटका उघडायचा आणि पहिल्यापासून. गाईडला ठोसा मारून जागेवर आणायचं नाही. ठोशानं ते आज येतं, कापताना परत जातं. नवं माप लावलं की आधी रद्दी लाकडाचा एक तुकडा कापून बघायचा. एवढ्याला जेमतेम दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवण्यासाठीच मी खटक्याचं यंत्र घेतलं होतं.

दिवाळीपर्यंत अकरा दारं बसली. बारावं राहिलं. ते नेमकं पडदा लावून निजणाऱ्या म्हातारीचं. तिच्या तुळईत मधोमध तुटका खिळा निघाला, पातं गेलं आणि दोन दिवस मोडले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तिच्या दारात खाली मान घालून उभा राहिलो. तिनं पोत्याच्या पडद्याच्या दोन्ही अंगांना पणत्या लावल्या होत्या. म्हणाली, "पाडव्याला लाव. पर वाजंल असं नगं लावू, नीट लाव." पाडव्याला आबाही बरोबर आले. दार चौकटीत बसवलं, बिजागरीचा शेवटचा स्क्रू मी आवळत होतो, आणि ते दाराच्या खालच्या कोपऱ्याकडं बघत उभे होते.

दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, कृष्णा परत आली. पाणी ओसरल्यावर मी त्या गावांतून फिरलो. दारं फुगली होती. काही घासत होती, पण पिळलेलं एकही नव्हतं. उन्हं पडल्यावर ती बसली. म्हातारीच्या दाराला खाली थोडा रंधा मारावा लागला, एवढंच.

आबा आता कामाला येत नाहीत. हात कापतात. संध्याकाळी काठी टेकत कामाच्या खोलीत येतात आणि बाकावर बसतात. माझ्याकडं दोन पोरं शिकायला आहेत. त्यांतलं एक भलतं घाईचं आहे. परवा त्यानं टेप लावला, खटका दाबला आणि लगेच बटणाकडं हात नेला. मी काही बोलणार, तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"बघितलास का?"

पोरगं म्हणालं, "बघितलं की आबा, मगाशीच."

"मगाशी न्हवं रं. आता."

पोरानं खिळ्यावरची सागाची काटकी काढली, आणि मागच्या टोकाला लावायला वाकलं.